ओझे कुणाचे, खांदा कुणाचा?

काही ग्रंथांवर त्यांच्या लोकप्रियतेमुळेच अन्याय होतो. लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ हा असाच एक ग्रंथ आहे. १९३४ ते १९३७ या काळात तो चार भागांत प्रसिद्ध झाला. तेव्हापासून आजतागायत मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची यादी त्याला वगळून कोणालाही करता आलेली नाही. जोसेफीन इंक्स्टर यांनी तो १९५० मध्ये इंग्रजीत नेला आणि शांता गोखले यांनी २०१७ मध्ये पुन्हा नेला. शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून त्यातले वेचे पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले. परंतु या सर्व कौतुकातून ग्रंथाची जी प्रतिमा वाचकांच्या मनात घर करून बसली आहे, ती फार तोकडी आहे. एक विसरभोळा, लहरी, उदार कवी आणि त्याची सोशीक, मिस्कील, अडाणी म्हणवून घेणारी शहाणी बायको. त्याने पैसे उधळावेत, तिने ते कसेबसे सावरावेत, आणि वाचकाने डोळे पुसत हसावे. एवढ्यावर आपण ग्रंथ मिटून ठेवतो.

प्रस्तुत लेखकही याला अपवाद नव्हता. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी असे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की, ‘स्मृतिचित्रे’चा पूर्वार्ध हे वाङ्मय आहे आणि उत्तरार्ध ही नोंदवही आहे. बालपण, सासुरवास, पतीचे धर्मांतर आणि त्यानंतरचा वियोग इथवर कथेला चढण आहे. पती-पत्नी पुन्हा एकत्र आली, लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तिथे नाट्य संपले. पुढे उरतात ती माणसे, आजार, बदल्या, पाहुणे आणि पोरेबाळे. श्रोत्यांना हे पटले असावे. निदान कोणी उठून विरोध केला नाही.

विरोध झाला तो फार उशिरा, आणि तोही शिंदखेड्यात.

शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावी पुस्तक एकट्याचे राहत नाही. माझी ‘स्मृतिचित्रे’ची प्रत अशीच फिरत फिरत एका वयस्क ख्रिस्ती बाईंकडे गेली. उभे आयुष्य त्यांनी मिशनच्या इस्पितळांतून रुग्णसेवेत घालवले होते. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात धुळे-नंदुरबारच्या बाजूला काम उभे केले होते. नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे इस्पितळ १९४२ पासूनचे. अशा ठिकाणी परिचारिका म्हणजे केवळ औषध देणारी बाई नसते. ती स्वयंपाकीणही असते, दुभाषीही असते, आणि रात्री बेरात्री बैलगाडीतून आलेल्या बाळंतिणीची आईही असते. दोन महिन्यांनी पुस्तक परत आले. पूर्वार्धाची पाने होती तशी स्वच्छ होती, उत्तरार्धाच्या पानांवर मात्र जागोजाग हळदीची बोटे उमटली होती. ते चुलीपाशी बसून वाचले गेले होते, यात शंका नव्हती. बाई फारसे बोलल्या नाहीत. त्याच हळदीच्या पानांवर हात ठेवून त्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, “भाऊ, हाई ते आमनाच घरनं शे.”

ज्याला मी नोंदवही म्हटले होते ते त्यांना स्वतःच्या घरातले वाटले. आता वाचकाला एखादा भाग आपलासा वाटला म्हणून तो वाङ्मय ठरत नाही, हे मलाही कळते. परंतु एका जाणत्या वाचकाचे बोट नेमके आपण वगळलेल्या पानांवर पडावे, ही गोष्ट टीकाकाराने मनावर घेण्याजोगी आहे. मी ग्रंथ पुन्हा वाचला. या लेखात जे म्हणायचे आहे ते त्या दुसऱ्या वाचनातून निघाले आहे.

२

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मधला, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. धान्यच काय, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, असे ते घर. जगातली प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक माणूस विटाळ घेऊन येतो, या भीतीवर त्या घराचा सारा दिनक्रम उभा होता. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. त्यांच्याकडे नेमका उलटा प्रकार होता. त्यांना कोणाचाच विटाळ नव्हता आणि घर या गोष्टीचीही फारशी ओढ नव्हती. न सांगता निघून जावे, आठ-पंधरा दिवसांनी यावे, येताना कोणाला तरी बरोबर आणावे. आगगाडीच्या एका प्रवासात हाती पडलेल्या नव्या करारापासून त्यांच्या मनाला जी दिशा लागली, तिचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेण्यात झाला.

त्यानंतर चार-पाच वर्षांचा वियोग. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्यातला बराच काळ पंढरपुरास. हा भाग वाचताना अंगावर काटा येतो आणि मराठी वाचकांनी त्याला दिलेले मोल रास्तच आहे. परंतु या वियोगानंतर काय घडते, त्याचा क्रम नीट पाहिला पाहिजे. माझ्या समजुतीप्रमाणे ग्रंथाची किल्ली तिथे आहे.

धर्मांतराच्या कथांची एक ठरलेली वाट असते. आधी शंका, मग वाचन, मग वाद, मग खात्री, मग बाप्तिस्मा, आणि त्यानंतर आप्तांचा छळ व कष्ट. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’ची मांडणी स्थूलमानाने याच वाटेने जाते. श्रद्धा आधी येते आणि कष्ट ही तिची किंमत असते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा क्रम संपूर्णपणे उलटा झाला आहे. त्या पतीकडे परत आल्या तेव्हा ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. चूल वेगळी होती, पाणी वेगळे होते. त्या आल्या त्या सोबत करायला आणि वाट्याला येईल ते सोसायला. ख्रिस्ती मंडळींच्या शेजारात राहून, त्यांच्या सुखदुःखात पाय अडकवून घेऊन, मग कधीतरी त्यांनी स्वतःशीच विचार केला की, माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केला की माणसाने? सोवळे सुटले ते असे. आणि १९०० मध्ये, पतीच्या नंतर पाच वर्षांनी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे कष्टांतली सोबत आधी आली आणि श्रद्धा तिच्या मागोमाग आली. हे ध्यानात घेतले तर उत्तरार्ध ही कथा संपल्यानंतरची पुरवणी राहत नाही. उलट ज्या गोष्टीमुळे लेखिकेचे मन पालटले, तीच गोष्ट त्या पुढे आयुष्यभर करीत राहिल्या, आणि तिचीच ही हकीकत आहे. मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी परक्यांची पोरे न्हाऊ-माखू घालते. पूर्वार्धातले सोवळ्याचे प्रसंग आपण विनोद म्हणून वाचतो. त्यांचे खरे वजन उत्तरार्धातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या अंथरुणाशी कळते.

३

ज्या वर्षी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, ते वर्ष साधे नव्हते. १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेशात ‘छपन्न्या’ या नावाने ओळखला जातो, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. तापीच्या दोन्ही काठांवरच्या वृद्धांच्या तोंडून मी हा शब्द लहानपणी ऐकलेला आहे. ज्यांनी तो दुष्काळ पाहिला नव्हता तेही तो शब्द उच्चारताना आवाज खाली घेत. त्याच्या आधी १८९६-९७ चा एक दुष्काळ होऊन गेला होता. १८९६ मध्येच मुंबईत प्लेग उतरला होता आणि पुढे वर्षानुवर्षे तो गावोगाव फिरत राहिला.

या आपत्तीत मराठी ख्रिस्ती समाजातल्या दोन स्त्रियांनी जे केले ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. एक पंडिता रमाबाई आणि दुसऱ्या लक्ष्मीबाई.

रमाबाईंनी भूक पुस्तकातून ओळखलेली नव्हती. १८७० नंतरच्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण डोळ्यांदेखत गेली होती. भाऊ श्रीनिवास आणि त्या अशी दोघेच देशभर पायी भटकली होती. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. तिथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर ज्या छापखान्यात छापले गेले, त्याचे खिळे जुळवणारे हात याच आश्रित म्हणून आलेल्या बायकांचे होते. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतराचे काम मात्र त्यांनी शेवटास नेले होते.

असे असूनही रमाबाईंच्या लेखनात त्यांचे स्वतःचे दुःख फार थोडे दिसते. त्या निवेदन करतात, वृत्तांत देतात, हिशेब मांडतात. हजारोंचे ओझे उचलणाऱ्या माणसाला स्वतःच्या खांद्याकडे बघायला उसंत नसते. शिवाय त्यांचा वाचक बहुधा दूर असे, दुसऱ्या गावी नाहीतर दुसऱ्या देशात. त्याला काम पटवून द्यायचे होते.

लक्ष्मीबाईंना कोणालाच काही पटवून द्यायचे नव्हते. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहू पाहत होता. त्याला सामग्री म्हणून आईने आठवणी लिहायला घेतल्या, हा या ग्रंथाचा उगम. तेव्हा संख्या, निधी, ठराव यांपैकी इथे काही नाही. इथे दुष्काळ येतो तो घरी आणलेल्या पोरांच्या रूपाने. आणणारे टिळक, पण निवडणे, टिपणे, शिजवणे, वाढणे आणि पोरांच्या डोक्यातल्या उवा काढणे लक्ष्मीबाईंकडे. प्लेग येतो तो अंथरुणे, पाणी आणि जागरण यांच्या रूपाने. रमाबाईंच्या लेखनातून दुष्काळ किती मोठा होता ते समजते. एक मूल घरात वाढवले म्हणजे किती ताटे, किती पाणी आणि किती रात्री लागतात, ते ‘स्मृतिचित्रे’तून समजते. या दोन्ही गोष्टी समजल्याखेरीज सेवा या शब्दाचा अर्थ पुरता लागत नाही, आणि आपल्याकडे दुसरी गोष्ट सांगणारी पुस्तके फार थोडी आहेत.

४

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. तो टाळून या ग्रंथाची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात ओझ्यांविषयी एक शिकवण आहे. बंधूंनी परस्परांचे ओझे वाहावे, असे तो सांगतो, आणि अवघ्या तीन ओळींनंतर असेही सांगतो की, ज्याने त्याने आपापला भार स्वतःच वाहिला पाहिजे. वरवर पाहता हा विसंवाद आहे. मूळ ग्रीकात मात्र दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्या ठिकाणी ‘बारोस’, म्हणजे माणूस दडपून जाईल असे वजन. दुसऱ्या ठिकाणी ‘फोर्तियोन’, म्हणजे वाटसरूने आपल्या पाठीवर घ्यायचे गाठोडे. जे एकट्याने पेलवत नाही ते वाटून घ्या, जे आपले आहे ते दुसऱ्याच्या पाठीवर ढकलू नका, असा त्याचा सरळ अर्थ.

आता टिळकांच्या संसाराला हे माप लावून पाहू. टिळक दुसऱ्याचे दडपणारे ओझे दिसताच धावत. याबद्दल त्यांच्या निंदकांनीही कधी संशय घेतला नसता. पण आपले स्वतःचे गाठोडे? पैसा, वेळ, भाकरी, मुलाचे आजारपण, उद्याची सोय हे सारे त्यांनी कोणाच्या पाठीवर दिले? उत्तर प्रत्येक प्रकरणात आहे. त्यांचे औदार्य बायकोच्या कोठीतून खर्ची पडत होते. ते अनाथाला हात धरून घरी आणीत आणि हात सोडून कविता लिहायला बसत. ‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या कवीच्या मागे एक चूल अखंड पेटत होती. तेव्हा ज्याला आपण बंधुभाव म्हणून गौरवतो, त्यात बंधूंचा वाटा किती आणि एका बाईचा किती, हे विचारायला नको का?

मला असे वाटते की, हा प्रश्न टीकाकाराने शोधून काढलेला नाही. तो लक्ष्मीबाईंनीच ग्रंथात विचारून ठेवला आहे, आणि तो विचारण्याचे त्यांचे साधन म्हणजे त्यांचा विनोद. आजवर या विनोदाचे वर्णन खेळकर, निर्विष, क्षमाशील अशा विशेषणांनी करण्यात आले आहे. खेळकर तो खराच. क्षमाशील मात्र तो मुळीच नाही. क्षमा करणारा माणूस विसरतो. लक्ष्मीबाई काहीही विसरत नाहीत. कोणत्या दिवशी घरात काय नव्हते, टिळक कशासाठी बाहेर पडले आणि काय घेऊन परतले, याची त्या चोख नोंद ठेवतात. आणि ती अशा सुरात वाचून दाखवतात की, ऐकणाऱ्याला आधी हसू येते आणि मग लाज वाटते. हा हिशेब आहे, फक्त त्यात व्याज लावलेले नाही. टिळकांवरचे त्यांचे प्रेम निर्विवाद आहे, परंतु त्या प्रेमापायी त्यांनी हिशेबातली एकही रक्कम खोडलेली नाही.

याच ठिकाणी ग्रंथ संतचरित्रांपासून आणि मिशनच्या अहवालांपासूनही वेगळा होतो. दोन्हीकडे सोसणे हा अलंकार असतो. सोसणाऱ्याचा चेहरा उजळतो, वाचकाचे मन भरून येते, आणि सोसणे टाळता आले असते का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. लक्ष्मीबाई तो राहू देत नाहीत. जे दुष्काळाने आले, प्लेगने आले, समाजाच्या बहिष्काराने आले, ते त्या सोसतात आणि इतरांबरोबर वाटून घेतात. जे नवऱ्याच्या लहरीने आले, तेही सोसतात, पण त्याला त्या ईश्वरी योजना म्हणत नाहीत. त्या त्याला टिळकांची लहर म्हणतात. पौलाने दोन शब्दांत जो भेद केला, तो या फारशी शाळा न शिकलेल्या बाईने एका आयुष्याच्या तपशिलांतून केला आहे. माझ्या दृष्टीने ग्रंथाची नैतिक उंची इथे आहे.

५

लक्ष्मीबाईंच्या लेखनात ‘आम्ही’ हे सर्वनाम उत्तरार्धात हळूहळू रुंदावत जाते. आधी ते नवराबायकोंपुरते असते, मग मुलगा दत्तू आणि सांभाळलेली मुलगी तारा येतात, मग नगरचे ख्रिस्ती शेजारीपाजारी येतात, आणि अखेर ज्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही आणि घेणारही नव्हते अशी माणसेही त्यात बेमालूम शिरतात. यांपैकी एक पोरगा आमच्या खानदेशचा. त्र्यंबक बापूजी ठोमरे, धरणगावास १८९० मध्ये जन्मलेला. १९०७ मध्ये जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले, तिथे अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी नेले आणि लक्ष्मीबाईंनी त्याला आणखी एक मूल म्हणून वाढवले. बालकवींवर मराठीत कितीतरी लिहिले गेले. पण हा हट्टी, हळवा, लाडावलेला मुलगा जेवायला कसा बसे आणि कशाने रुसे, हे लक्ष्मीबाईंमुळे कळते. १९१८ च्या मे महिन्यात जळगावजवळ भादली स्टेशनापाशी आगगाडीखाली त्याचा अंत झाला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईस वारले. दोन्ही घाव एकाच खांद्याने घेतले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताच्या मागे जाऊ इच्छितात ते सारे इथे भाऊ, अशी त्याची कल्पना. मराठी धर्मजीवनाच्या इतिहासात हे पाऊल मोठे आहे आणि अभ्यासकांनी त्याची योग्य दखल घेतली आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्यात नवलाईची गोष्ट एकच दिसते, ती म्हणजे नाव. असा दरबार लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात कितीतरी वर्षे आधीच भरत होता. त्याला घटना नव्हती, प्रमुख नव्हता. पंगत तेवढी होती.

इथे मला धुळ्याच्या तुरुंगाची आठवण होते. १९३२ मध्ये विनोबांनी त्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. एकाच ध्येयाच्या माणसांनी एकत्र कष्ट सोसताना जे वाङ्मय निर्माण होते, त्याचा तो एक उत्कृष्ट नमुना होय. तिथे सर्वांना सारखे कपडे, सारखी भाकरी, सारखे काम. कष्टांची ती समता भिंतींनी दिलेली होती. घरात अशी समता कोणी आयती देत नाही. तिथे चुलीपुढे कोणी बसायचे हे आधीच ठरलेले असते. म्हणून घरातल्या सहभोगाची कथा तुरुंगातल्या सहभोगाच्या कथेपेक्षा लिहायला अवघड, आणि ती लिहिली गेली तर कमी उदात्त वाटणारी. आपण ‘गीता प्रवचने’ देव्हाऱ्याजवळ ठेवतो आणि ‘स्मृतिचित्रे’ विनोदी पुस्तकांच्या फळीवर, याचे कारण काही अंशी इथे असावे.

या घरगुतीपणाचा आणखी एक पूर्वज सांगता येईल. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून गोळा केल्या. त्यांत तत्त्वज्ञान आहे, पण कोण कुठे बसले, कोणी काय खाल्ले, कोण रुसले, हेही आहे. श्रद्धावंतांचा मेळा एकत्र राहतो तेव्हा त्याचे सत्य सिद्धांतांइतकेच या बारीकसारीक गोष्टींत असते, हे मराठी गद्याला त्याच्या जन्मापासून ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी ‘लीळाचरित्र’ वाचले होते असा माझा दावा नाही. मराठी बोलीतच ही वळणे मुरलेली आहेत, एवढेच म्हणायचे आहे.

६

ग्रंथाची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळींत मोठा भरणा पूर्वाश्रमीच्या महार-मांग समाजांतल्या माणसांचा होता. टिळकांसारखे ब्राह्मण घराणे ख्रिस्ती झाले की त्याला बहिष्काराचे दुःख होई. त्या माणसांना बहिष्कार नवा नव्हता, तो त्यांच्या जन्माबरोबरच आला होता. धर्म बदलल्यावरही गावाने तो बदलला नाही. ‘स्मृतिचित्रे’त ही माणसे येतात, लक्ष्मीबाई त्यांच्याविषयी आदराने लिहितात, आणि आपल्या मनातला विटाळ कसा गेला हेही लपवत नाहीत. पण ती माणसे स्वतः बोलतात थोडी. त्यांना काय सोसावे लागले, आणि टिळकांच्या घरी पंगतीला बसताना त्यांच्या मनात काय आले, हे आपल्याला कळत नाही. ओझ्याचा हिशेब इतका चोख ठेवणाऱ्या लेखिकेच्या वहीत हे एक खाते अपुरे राहिले आहे.

दोष लक्ष्मीबाईंचा नव्हे. दुसऱ्याच्या अंतरंगात शिरून बोलण्याचा आव त्यांनी कधीच आणला नाही, आणि तेच बरे. ते खाते ज्यांचे त्यांनीच उघडायला हवे होते. मराठीत ते उघडायला बराच काळ जावा लागला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्यानंतर दलित आत्मकथनांनी जे दालन उघडले, त्याच्या उजेडात ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली पाहिजे. ती त्या उजेडात फिकी पडत नाही. उलट, स्वतःच्या घरातल्या सोवळ्याची थट्टा करणारी आणि मग ते सोवळे प्रत्यक्ष उतरवून ठेवणारी लक्ष्मीबाईंची लेखणी किती सरळ होती, ते अधिक ठसठशीतपणे दिसते.

१९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी दहा-अकरा अध्यायांवर सोडले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. या गोष्टीकडेही आपण पतिभक्तीचा दाखला म्हणूनच पाहतो. मला तिथे पुन्हा तेच गाठोडे दिसते, नवऱ्याने अर्ध्या वाटेत ठेवलेले आणि बायकोने मुक्कामाला पोचवलेले. महाकाव्य मराठी वाचक विसरला, आणि आठवणींची पाने मात्र अजून चुलीपाशी नेऊन वाचली जातात. यात न्याय आहे असे मला वाटते.

तेव्हा त्या व्याख्यानातले माझे विधान मी या लेखाने मागे घेतो. उत्तरार्ध ही नोंदवही आहे हे खरे असले, तरी तसे म्हणून मी त्याला कमी लेखले, ही माझी चूक झाली.

ज्या बाईंमुळे ती उमगली, त्यांना मी मागच्या दिवाळीत एक कोरी वही नेऊन दिली आणि तुम्हीही लिहा, असा आग्रह केला. इस्पितळातल्या त्या रात्री, सोबतच्या परिचारिका, उपासमारीची वर्षे, सगळे लिहा म्हटले. त्या हसल्या. पुढे तीन-चार महिन्यांनी गेलो तेव्हा वही खुंटीला दोरीने टांगलेली दिसली. उघडून पाहिली तो आत दुधाचा हिशेब. मी थोडा खट्टू झालो. मग नीट पाहिले. दर दिवशीच्या दुधापुढे त्या दिवशी घरी जेवायला कोण कोण होते, त्यांची नावे लिहिलेली होती. एकही ओळ एका नावाची नव्हती.

मी वही जशीच्या तशी पुन्हा खुंटीला अडकवली.